पापी घरातली तुळस

मोठ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खडकाळ टेकडीवर सुगंधनाथ महाराजांचा मठ आहे. दर गुरुवारी तिथे मुंगीला शिरायला वाव नसतो. महाराज तुळशीचं पान चुरगाळतात, वास मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि दम्यापासून कोर्टकचेरीपर्यंत सगळ्यावर तेच पान दिलं जातं.

शहरातल्या ओरछा गेट भागात राहणारी माझी थोरली बहीण, कुसुमअक्का, जुनी दमेकरी. महाराजांनी तिला रोप दिलं आणि नियम दिला, घरातल्या प्रत्येकाने रोज त्याला लोटाभर पाणी घालायचं. घर माणसांनी भरलेलं, रोप लावलं त्या चौकात ऊन नाही. अक्काने दम्याचा पंप बंद करून तुळशीचा काढा सुरू केला. पानं चांगली तळहाताएवढी झाली, वास मात्र उडाला. अक्का बोलताना धापा टाकू लागली, तेव्हा मी घाबरलो. वास का गेला, हे विचारायला तिला घेऊन मठात गेलो.

"माताजी, पौधा तो वही है," महाराज म्हणाले. "घर में किसी के मन में संशय है."

संशय म्हटल्यावर घरी सगळ्यांनी अक्काच्या सुनेकडे पाहिलं. देविका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणजे गुन्हा आधीच सिद्ध.

"तुळशीला हात लावू नकोस, सूनबाई," अक्का म्हणाली.

"नाही लावत. पण या गुरुवारी मी तुमच्याबरोबर येते, आई."

मठात देविकाने महाराजांपुढे दोन पानं धरली. "महाराजजी, एक पत्ती मठ की है, एक हमारे घर की. पहचानेंगे?"

महाराजांनी पहिलं हुंगलं. "यह मठ की. सिद्ध." दुसरं हुंगून नाक मुरडलं. "यह पापी घर की."

"पहली हमारी छत की है," देविका म्हणाली. "पापी वाली अभी आपके नल के पास से तोड़ी है."

नळावर पाय धुऊन आलेल्या बायकांनी तिला पान तोडताना पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "हओ, हमाए सामनेइ तो टोरी."

महाराजांनी डोळे मिटले. समाधी लागायला तीच वेळ सोयीची होती.

देविकाने मग समजावलं. अक्काच्याच रोपाची फांदी तिने पूर्वीच गच्चीत, मुरमाड मातीत लावली होती. कडक ऊन आणि बेताचं पाणी मिळालं की तुळशीच्या पानात सुगंधी तेल जास्त भरतं. सावलीत पाण्याचा मारा झाला, की पान फुगतं आणि तेल कमी पडतं. टेकडी कोरडी, म्हणून तिथली तुळस सिद्ध; नळाजवळची ओलीत वाढलेली, म्हणून पापी. आमच्याकडे भक्ती लोट्यालोट्याने ओतली जात होती, तीही महाराजांच्याच नियमाने.

काही लोक उठले. बाकीचे म्हणाले, महाराजांनी आपली परीक्षा पाहिली. अशांना कोणता काढा द्यावा, ते मला ठाऊक नाही.

अक्काने हळूच विचारलं, "मग गच्चीतल्या पानाने माझा दमा जाईल?"

"नाही, आई. घशाला बरं वाटेल, एवढंच. दम्याला पंपच लागतो." देविकाने तो पर्समधून काढला.

अक्काने भर मठात, सगळ्यांदेखत, औषध आत ओढलं. थोड्या वेळाने तिची धाप कमी झाली. ती सुनेचा हात धरून टेकडी उतरली.

तुळशीला खुशाल हात जोडा, मीही जोडतो. पण श्वास अडकला तर डॉक्टर गाठा. आणि कुणी तुमच्या घरात पाप शोधू लागला, तर त्याला आधी विचारा, ऊन किती होतं आणि पाणी किती घातलं.