सिनिगांगमधला गूळ

नीलांबरीने नाकावर ओढणी घट्ट बांधली आणि माशाचे तुकडे चिमट्याने एकेक उचलून उकळत्या चिंचेच्या पाण्यात सोडले. जन्मात कधी अंडं फोडलं नव्हतं तिने, आणि आता नेदरलँड्समधल्या कापेल गावी, सहाव्या मजल्यावर मासा शिजवायची वेळ आली होती!

"अगं, खिडकी तरी उघड," आतल्या खोलीतून तिचा नवरा श्यामकांत ओरडला. "मीटिंग चालू आहे माझी."

"मीटिंगला वास जात नाही."

शेजारच्या दारातली रोवेना नऊ दिवस तापाने पडून होती. वृद्धाश्रमात नर्सचं काम करायची, तिथूनच तिने हे कोरोनाचं दुखणं घरी आणलं. तोंडाची चव गेली, जेवण सुटलं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, घरीच थांबा, दम लागला तर मात्र लगेच फोन करा. नीलांबरी रोज बंद दाराबाहेरून विचारायची, "दम लागतोय का गं?" आतून 'नाही' आलं की हिचा जीव भांड्यात पडायचा.

रोवेनाची लेक आयरीन तिकडे फिलिपीन्सला. विमानं बंद. काल तीच फोनवर रडली होती. "तीता, आईला सिनिगांग करून देशील? तेवढं ती खाईल." तीता म्हणजे त्यांच्यात मावशी. मावशी म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? माशाचं आंबट कालवण ते. मुळा, टोमॅटो, पालेभाजी घातलेलं. आयरीनने सगळी कृती सांगितली, आणि नीलांबरीने ती कागदावर उतरवून घेतली.

मुळा घालून झाला. कागदावर पुढे पालक होता, पण हात आपला सवयीने डब्यात गेला आणि लिंबाएवढा गुळाचा खडा पातेल्यात पडला. चिंच घातली की गूळ पडायचाच, वीस वर्षांच्या आमटीची सवय ती.

"अरे देवा!" तिने डाव घालून धुंडाळलं. गूळ केव्हाच विरघळला होता.

दोन वर्षांपूर्वी याच रोवेनाने तिची आमटी चाखून तोंड वाकडं केलं होतं. "चिंचेत गोड? नीला, आमच्याकडे हा गुन्हा आहे!" आता चव बघावी म्हटलं, तर माशाचा रस्सा, चमचा ओठांपर्यंत जाईना. दुसरा मासा घरात नव्हता.

"मीठ वाढव थोडं," श्यामकांत म्हणाला. "कळायचं नाही तिला."

"कुणाला? रोवेनाला?"

पातेलं रोवेनाच्या दाराशी ठेवून तिने बेल वाजवली आणि घरी येऊन शिव्यांची वाट बघत बसली. खरं तर त्या शिव्या तिला हव्याच होत्या. चांगली तासभर बोलली असती तरी ऐकून घेतलं असतं.

दोन तासांनी व्हिडिओ कॉल आला तो आयरीनचा. पोरगी हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती.

"तीता! आईची चव परत आली! म्हणाली, अगदी आजीच्या हातचं, आंबटढाण!"

नीलांबरी ताडकन उठली.

"गोड... गोड नाही लागलं म्हणाली?"

"सिनिगांग गोड कसं लागेल?" आयरीन हसली. "आणि दमही लागत नाहीये म्हणाली. म्हणजे बरी होतेय ना ती?"

फोन हातात तसाच धरून नीलांबरी बाहेर धावली. बेल वाजवली. दारावर थापा मारल्या.

"रोवेना! खरं सांग, दम लागतोय का?"

"नाही... म्हटलं ना... भांडं... उद्या देते."

एवढंसं वाक्य, तीनदा थांबून आलं. रोज येणारं ते एका शब्दाचं 'नाही' नीलांबरीला आठवलं, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"श्याम!" ती किंचाळली. "मीटिंग सोड! डॉक्टरांना फोन लाव!"

दाराला आतून कडी होती. तिने दारावर तळहात टेकला.

"तीता, काय झालं? आई काय म्हणाली?"

"आयरीन," नीलांबरी म्हणाली, "माझ्या हातून त्यात गूळ पडला होता गं. चांगला लिंबाएवढा."

आयरीनला आधी हसूच आलं. मग तिने हसणं थांबवलं. "म्हणजे आईला चव कळलीच नाही?"