दोन ठोके लोखंडावर, एक माझ्यावर

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत आहात. बाहेरून कुलूप आहे. तुमचे पाय लाकडी ओंडक्यात ठोकून बसवले आहेत. हाक मारावी, तर आवाज नाही. झाली कल्पना? मग तुम्हाला माझी ओळख पटली. मी एक जुनी ऐरण आहे.

तापलेले लोखंड माझ्या पाठीवर ठेवून लोहार त्याला आकार द्यायचा. दोन जोरदार ठोके लोखंडावर, मग एक हलका ठोका मोकळ्या ऐरणीवर. तेवढीच त्याच्या हाताला विश्रांती. ठण्, ठण्, टिंग! त्या आवाजावर गाव कामाला लागायचे. घरोघरचे विळे, खुरपी, कुऱ्हाडी माझ्याकडे यायच्या. टिंग ऐकू आले नाही, तर लोक विचारायचे, "लोहारदादा बरे आहेत ना?"

पुढे तरणी माणसे कारखान्यांकडे गेली. अर्ध्या घरांना कुलपे लागली. लोहाराचे गुडघे थकले, आयुष्यभर ठोके ऐकून कानही गेले. त्याच्या मुलाने कारखान्यात नोकरी धरली आणि मी कोंडली गेले. गंज चढला. पाठीवर कोळ्याने जाळे विणले.

एका सकाळी दार उघडले. लोहाराचा मुलगा पक्कड न्यायला आला होता. त्याची लहान मुलगी हळूच आत शिरली आणि बाबांची गंमत करायला भात्यामागे लपली. त्याला घाई होती. त्याने कुलूप लावले, सायकलवर टांग टाकली आणि तो निघून गेला.

"बाबा! मी आत आहे!"

ऐकणार कोण? कापणीचे दिवस. उरलेसुरले गाव शेतात. आजोबा घरी होते, पण त्यांना ढोलही ऐकू येत नव्हता. पोरीचा घसा बसला. माझ्याशेजारी तिचे रडणे चालले होते आणि मला तिची पाठ थोपटताही येईना.

मग तिने हातोडा उचलला आणि मला बडवू लागली. धाड धाड धाड! कोणी आले नाही. पोरे पत्रा वाजवत असतील, असे शेतातल्या लोकांना वाटले. ती थकून थांबली. आजोबा खाटेवर पडल्या पडल्या बोटांनी धरतात तो ठेका तिला आठवला असावा.

ठण्, ठण्, टिंग. ठण्, ठण्, टिंग.

थोड्या वेळाने बाहेर पावले वाजली. शेजारची काकू म्हणाली, "दादा, कामावर आलात होय! आधी माझा विळा घ्या, गवतसुद्धा कापत नाही मेला!"

"आधी तुझा का? मी पुढे होते!" दुसरी म्हणाली.

"काकू, मी आहे! मला बाहेर काढा!"

मग एकच धावपळ. किल्ली बाबांच्या खिशात. काकूने आजोबांना हाताला धरून आणले. कडी उपटायला निघालेल्यांना ते म्हणाले, "सरका. ती कडी मी ठोकलीय. तुमच्या सात पिढ्यांना निघायची नाही." त्यांनी बिजागरीखाली पहार घातली आणि दारच उचलून बाजूला केले.

किती वर्षांनी माझ्या पाठीवर ऊन पडले! मित्रांनो, कुलूप लावले म्हणजे वस्तू सांभाळली असे होत नाही. तिला हात लागला पाहिजे, काम मिळाले पाहिजे. माणसांचेही तसेच असावे. पहार धरलेले आजोबा त्या दिवशी गुडघे विसरले होते.

नात आता बिलगणार म्हणून त्यांनी हात पसरले. ती धावत बाहेर आली, पण काकूकडे गेली. तिने काकूच्या हातातला बोथट विळा घेतला, आजोबांना ओढत आत आणले, विळा माझ्या पाठीवर ठेवला आणि त्यांच्या कानाशी ओरडली,

"आजोबा, पहिला ठोका कुठे मारू?"