चुन्याखालचा पत्रा

उचगावात आमच्या गल्लीत तो कॉम्प्रेसर पहिल्यांदा धडधडला, त्या दिवशी तीन घरच्या म्हशी आटल्या आणि समोरच्या गणपतरावांची कवळी उडून आमटीत पडली. कवळीचं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हशींचं ऐकीव आहे, पण म्हैस कशाला खोटं बोलेल?

उद्योग आमच्या पिराजीचा. हवेच्या जोरावर वाळू मारून जुन्या जीपचा गंज काढायचा, तोही घरच्या घरी. उद्यमनगरातल्या कारखान्यात विचारून आला होता. तिथला आकडा ऐकून परत येताना त्याला उसाचा रस पाजावा लागला.

पिराजीनं उभा जन्म कागल-कोल्हापूर वडाप चालवलं. हात केला तिथं थांबायचं आणि दार लागेनासं होईपर्यंत माणसं भरायची, ते वडाप. बायको बनाबाई डावीकडच्या दाराशी बसायची, पैसे घ्यायची आणि "कागल, कागल, एकच सीट!" म्हणून ओरडायची. आत कोंबड्यांसकट अख्खं वऱ्हाड असलं तरी तिची एक सीट कायम शिल्लक. पान लावलं की बोटावर उरलेला चुना ती दाराला आतल्या अंगानं पुसायची. वर्षानुवर्षं. त्याचा थर असा चढला होता, की खरवडला असता तर मारुतीच्या देवळाला दोन हात देऊन उरला असता.

आता बनाबाईच्या डोक्यातनं एकेक माणूस उतरत चाललं होतं, फाट्या-फाट्यावर उतरावं तसं. आधी शेजारणी उतरल्या, मग मुलगी निशिगंधा, मग खुद्द पिराजी. घरात ती त्याला परका समजायची. "पावणं, च्या घेटलासा का?" म्हणून अदबीनं विचारायची. पण अंगणात उभ्या असलेल्या त्या जीपमध्ये आपल्या जागेवर बसली, बोट चुन्याच्या खरबरीत थरावरनं फिरवलं, की मान वळवून म्हणायची, "अवं, चला की! किती येळ?"

पिराजी लगेच स्टिअरिंग धरायचा. गाडी कुठली हलतेय? इंजिन कधीच विकलेलं. तरी दोघं रोज कागलला जाऊन यायची. दिवसातनं तेवढाच वेळ तो तिचा नवरा असायचा.

मग त्याच दाराच्या कुजक्या कडेनं तिचा तळहात चिरला. टाके पडले. निशिगंधा जयसिंगपूरहून तणतणतच आली.

"अण्णा, त्यो सांगाडा आजच्या आज भंगारात घाला."

"न्हाय घालायचा."

"मग गंज काढा त्याचा! आईच्या जिवावर उठलायसा काय? पुढच्या खेपंला गंज दिसला तर भंगारवाला माझ्यासंगट असंल, सांगून ठेवतो."

आमच्याकडच्या बायका रागावल्या काय, लाडात आल्या काय, 'सांगतो', 'ठेवतो' असंच बोलतात. पण ही नुसतं बोलणारी नव्हती, हे पिराजीला ठाऊक.

म्हणून हा घाट. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्या बाळासोचा, त्याचं दुकान बंद असेल तेव्हा मिळणारा. वाळूची टाकी तेलाच्या डब्याची. वाळू फौंड्रीमागं टाकून दिलेली, ती पिठाच्या चाळणीनं चाळलेली. पहिल्याच दिवशी नळी सारखी तुंबायला लागली. वाळूत ओल.

"शेंगा भाजतोस तशी भाज की," मी म्हणालो.

अंगणात चूल मांडली, कढई चढवली. शेजारची तानाबाई कुंपणावरनं वाकली. "काय भाजतायसा अप्पा?"

"भडंग. पावणं येणार हायत."

बाई वाटी घेऊन आली. अजून माझ्याशी बोलत नाही.

पिराजीनं डोक्याला हेल्मेट घातलं, करोनातले दोन मास्क लावले, वर टॉवेल गुंडाळला. चंद्रावर निघालेला माणूस दिसत होता, फक्त पायात कोल्हापुरी. मी डब्यात वाळू ओतायची, त्यानं नळीच्या टोकाला लावलेल्या बंदुकीचा घोडा दाबायचा. बॉनेट झालं, मडगार्ड झाली. गंजाचे पापुद्रे उडून खालनं राखी रंगाचा कोरा पत्रा निघायला लागला, तसा पिराजीला हुरूप आला. शेवटी दार. बाहेरची बाजू झाली. मग ते बिजागरीतनं काढून, उलटं करून खाटेवर ठेवलं.

"ह्यो चुना ऱ्हाऊ दे काय?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे कसा? वरनं पांढरं, आतनं पोखरलेलं असतंय. तिचा हात परत कापला तर निशी गाडी ठिवंल व्हय?"

घोडा दाबला. चुना पिठासारखा उडाला आणि त्याच्या टॉवेलवर बसला. खालचा पत्रा उघडा पडला. अख्ख्या जीपमध्ये तेवढाच तुकडा कालच कारखान्यातनं आल्यासारखा. ना भोक, ना खड्डा. चुन्यानं तिथं गंज शिरूच दिला नव्हता.

पिराजीनं हेल्मेट काढलं. त्या जागेवरनं हात फिरवला. कॉम्प्रेसर मागं धडधडत होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"अप्पा," तो म्हणाला, "हितं गंज न्हवताच की रं."

उघडा पत्रा हवेनं लगेच तांबारतो, म्हणून त्याच दिवशी रंग मारावा लागला. रंग वाळल्यावर त्यानं दार परत बसवलं आणि पानपट्टीवरनं चुना आणला. अंदाजानं तिच्या हाताच्या उंचीवर बोटानं पुसला. वाळल्यावर त्यावर परत पुसला. तो नुसता ओघळल्यासारखा दिसत राहिला. थर म्हणून काही धरेना.

निशिगंधा आली, दारावरनं हात फिरवून बघितला, खूश झाली. तिनंच आईला धरून जीपमध्ये बसवलं. पिराजी आधीच स्टिअरिंग धरून बसलेला, दाढी करून, टोपी घालून.

बनाबाईचं बोट दाराकडं गेलं. वर गेलं, खाली आलं, बाजूला सरकलं. गुळगुळीत रंगावरनं घसरत राहिलं. मग ती वळली.

"पावणं, ही आमची गाडी न्हवं."

"बने, मी हाय की गं."

"चांगली हाय तुमची. नवी दिसतीया. पर आमची येगळी." आणि ती सावकाश उतरली. फाटकाच्या पायरीवर जाऊन बसली, पदर सावरून. "आमचं मालक येतील आता न्यायला."

निशिगंधा तोंडाला पदर लावून आत पळाली. जन्मभर थापा मारत आलोय, तेव्हा मीच पुढं झालो.

"बनाबाई, मालकांचा टायर बसलाय. बाळासोच्यात पंक्चर काढत्यात. थोडा येळ लागंल, असा निरोप हाय."

"व्हय? मग येतील," ती म्हणाली, आणि चेहरा निवळला.

पिराजी खाली उतरला. तिच्या शेजारी पायरीवर बसला, परक्या बाईशेजारी बसावं तसं, हातभर अंतर ठेवून.

"पावणं, तुमची मंडळी कुठं असती?" तिनं विचारलं.

"हाय की," पिराजी म्हणाला. "येईल एवढ्यात."

"मग थांबा हितंच. आमचं मालक म्हाताऱ्या माणसाला वाटंत सोडून जात न्हाईत. तुमास्नी बी घेतील."

पिराजीनं मान डोलावली आणि तिच्यासारखाच रस्त्याकडं बघत बसला.