पालथी तिवई

आमच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगीत सगळे त्यांना मिनिस्टर म्हणतात. त्यांचं नाव आणि देश मी लिहीत नाही, कारण त्यांची बहीण अजून तिथेच आहे. आफ्रिकेतला एक देश, एवढं पुरे. लग्न होऊन मी तिथे गेले तेव्हा माधव तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि हे गृहस्थ देशाचे व्यापारमंत्री.

बंदरावरच्या कारकुनापासून मंत्रिपदापर्यंत चढलेला माणूस. अर्धा देश त्यांना देवमाणूस म्हणे, अर्धा चोर. आयातीचे परवाने त्यांच्या मेहुण्यांना आधी मिळतात, असं बाजारात उघड बोलत. एका वर्षी त्यांनी गव्हाची आयातच बंद केली. "आपल्या मातीत उगवतं ते खा," असं रेडिओवर सांगितलं. शेतकऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं, बेकऱ्यांना कुलपं लागली, आणि मी त्या होळीला मक्याच्या पिठाच्या पुरणपोळ्या केल्या. पुरण एकीकडे, पोळी दुसरीकडे. माधव पहिला घास घेऊन म्हणाले, "वीणा, ही पोळी नाही, हा सरकारी आदेश आहे."

पुढे सरकार उलटलं, मिनिस्टर पळाले. माधवना इंग्लंडात नोकरी लागली, आम्हीही निघालो. आता माधव नाहीत. मिनिस्टर माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि माझ्या हातच्या गव्हाच्या पोळ्या मागून नेतात.

"परवाना आहे का?" मी विचारते.

"मॅडम डॉक्टर, तो कायदा माझ्यासाठी कधीच नव्हता."

हसतात छान. पण त्यांचं जग म्हणजे केमिस्ट, लायब्ररी आणि स्टेशनजवळचं बाक. मायदेशात त्यांच्यावर खटला उभा आहे. विमानातून उतरले की तुरुंग.

यंदा तिथे नवं सरकार आलं आणि बहिणीचा निरोप आला: सगळं माफ झालंय, ये. मी फार आजारी आहे, एकदा बघू दे. मिनिस्टरांकडे व्हिडिओचा फोन नाही, म्हणून रविवारी दुपारी, नागपूरच्या माझ्या बहिणीशी, शशीशी, माझं बोलून झालं की ते माझ्या टॅबवर बोलायला आले. सूट, टाय, जणू कॅबिनेटची मीटिंग.

त्यांच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाची स्वतःची बसायची लाकडी तिवई असते; तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. तो परागंदा झाला की ती भिंतीशी पालथी घालतात. त्याला माफी मिळाली की घरच्या बाईने ती आपल्या हातांनी सरळ करायची आणि तसा निरोप धाडायचा. हा निरोप कधी खोटा नसतो. नसायचा.

कारण मिनिस्टरांच्या आधीचा व्यापारमंत्री सीमेपार पळाला होता, तेव्हा यांनीच त्याच्या आईच्या तोंडून त्याला निरोप धाडला होता: तिवई सरळ केली आहे. तो आला. त्याला विमानतळावरच धरलं. तुरुंगाच्या वॉर्डात माधवच त्याला तपासायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. तो माणूस तिथून बाहेर आला नाही. हे साऱ्या देशाला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे मिनिस्टरांना ठाऊक आहे.

पडद्यावर बहीण आली. काटकुळी, डोक्याला पिवळा रुमाल. त्यांची भाषा मी बाजारात शिकले होते, अजून कळते.

"दादा, बघ हं," म्हणत ती वाकली. भिंतीशी पालथी पडलेली तिवई तिने दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ ठेवली. "नवे मंत्री स्वतः घरी आले होते. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कोण काय करणार?"

मिनिस्टरांचे डोळे भरले. मग एकदम कोरडे झाले.

"तुझे दोन्ही हात तिवईला आहेत. मग फोन कुणी धरलाय?"

"शेजारी आहे."

"त्याला म्हण, फोन फिरव. मला त्याचं तोंड बघू दे."

"लाजतो रे तो," ती हसली. फोन फिरला नाही.

"खरं सांग."

"मला तुला बघायचंय, हेच खरं. आणखी काय सांगू?"

मिनिस्टरांनी टाय नीट केला. मग मोठ्या, रेडिओवरच्या आवाजात म्हणाले, "येतो. तिकिटाचं बघतो."

टॅब बंद झाल्यावर मी विचारलं, "जाणार?"

"नाही."

"मग तिला तसं का सांगितलंत?"

"फोन धरणारा सरकारचा माणूस असेल, तर नाही म्हटल्यावर तिचं काय करतील?"

"आणि खरंच शेजारी असला तर?"

"असेलही." त्यांनी टाय सैल केला. "पण तिवईवरचा विश्वास मीच मोडला ना? आपल्या मातीत उगवलं तेच खातोय, मॅडम डॉक्टर."

मी पोळ्या बांधून दिल्या. त्या दिवशी त्यांनी नेल्या नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी ते टाय लावून येतात. कधी कागदपत्रं अडलेली असतात, कधी गुडघा दुखत असतो. पुढच्या महिन्यात नक्की, असं सांगतात. बहीण मान डोलावते. तिच्यामागे तिवई सरळ उभी असते. फोन कधीच फिरत नाही.

गेल्या रविवारी ती बोलता बोलता धापा टाकू लागली. भिंतीला हात टेकला.

"अगं, बस ना तिच्यावर," मिनिस्टर ओरडले. "बस! मी सांगतोय!"

"ती तुझी आहे," ती म्हणाली आणि उभीच राहिली. गुडघे वाकायला लागले तेव्हा फोनमागून एक हात पुढे आला आणि त्याने तिला दंडाला धरलं. पुरुषाचा हात होता. घड्याळ दिसलं, चेहरा नाही.

"आभारी आहे," मिनिस्टर त्या हाताला म्हणाले.

 हात तिच्या दंडावर तसाच राहिला.