अंजनावहिनीच्या हातातलं

“आन् काटे?” सावळाराम सोनारानं विचारलं.

“काटे नकोत. आकडेबी नकोत. तिथं नुसतं सोनं,” अंजनावहिनी म्हणाली.

दौंडच्या त्या दुकानात कारखान्याच्या साहेबांच्या बायकोचं परदेशी घड्याळ पट्ट्याच्या दुरुस्तीला आलं होतं. सबंध सोन्याचं. पट्टा असा, की गव्हाचे दाणे एकमेकांत गुंफले आहेत. ते बघून, तसंच घडवायला वहिनीनं माहेरच्या पाटल्या सोनारापुढं ठेवल्या होत्या.

“वहिनी, लोक काय म्हंतील?” सोनार चाचरला.

“घड्याळ म्हंतील. बालवाडीच्या बाईला घड्याळ चालतं न्हवं?”

मी हसले. माझा भाऊ जयसिंग गेला त्या दिवशी वहिनीच्या बांगड्या फोडल्या होत्या. तेव्हापासून तिची मनगटं उघडीच होती. ही दुकानातली गोष्ट चौऱ्याहत्तर सालची.

आमच्या खुटबाव गावात कुणाला काही कळलं नाही. माझी आई, आक्काबाई, म्हणायची, “शाळंला लागतंय, घालू दे.”

मग शेजारच्या रंभाकाकूच्या नातवाचं बारसं आलं. पाळणा सजला, बायका दाटीवाटीनं बसल्या. वहिनी दाराशी, माझ्याजवळ. मुहूर्ताची घाई झाली तशी काकू ओरडली, “ए मास्तरीणबाई, मिरवतीस नुसती! किती वाजलं सांग की!”

सगळ्या माना वळल्या. मी कुजबुजले, “बंद पडलंय म्हण.”

वहिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हात वर केला. “ह्ये घड्याळ न्हाई, काकू. बांगडी हाय. माझ्या आईच्या पाटल्यांची.”

“अगं बया! कपाळ पांढरं आन् हात पिवळा?”

“कपाळाचं तुम्ही समद्यांनी ठरवलं. हाताचं मी ठरवलं.”

“आक्काबाई, ऐकताय न्हवं सुनेचं?”

आई ताडकन उठली. “अंजना, काढ ती.”

“न्हाई काढायची, आत्याबाई.”

आईनं पदर ओढला आणि स्वतःचे उघडे हात त्यात झाकून घेतले. वहिनी उठली, बाळाच्या अंगावरून हात फिरवला आणि ताठ मानेनं घरी निघाली. तिला कुणी अडवलं नाही.

सकाळी आई चुलीपाशी होती. वहिनी शाळेला निघाली, तशी आई वर न बघता म्हणाली, “दाव बघू.”

वहिनीनं कडी काढून बांगडी तिच्या हातावर ठेवली. आईनं ती ओल्या हातानं आपल्या मनगटावर लावली. वडील गेल्यापासून तिथं बांगडी नव्हती, त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली होती. हाडकुळ्या हातावर ती सैल झाली, कोपराकडं घसरली. जाळाच्या उजेडात आईनं हात फिरवून फिरवून पाहिला.

तव्यावरची भाकरी करपली. आईला वास आला नाही.