आकाशाकडे धरलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. पंजात मावेन एवढीच. माझा जन्मच मुळी संशय घेण्यासाठी झाला आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शेतांच्या मधोमध एक छोटा विमानतळ आहे. एक धावपट्टी, पत्र्याची शेड आणि जमिनीत पुरलेली पेट्रोलची टाकी. तिथून चार माणसांची लहान विमानं उडतात. उडण्याआधी पंखाखालून थोडं पेट्रोल माझ्यात काढून बघतात. त्यात पाणी मिसळलेलं असलं तर ते तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. इंजिनात पाणी गेलं की इंजिन बंद. आभाळात गाडी कडेला घ्यायची सोय नसते.

तीस वर्षं मी इथली विमानं सांभाळणाऱ्या मिस्त्रींच्या खिशात काढली. मला ते रोज धुवायचे, पुसायचे. त्यांचा विश्वास कुणावरच नव्हता, स्वतःच्या चष्म्यावरही नाही. लोक हसायचे. त्यांची लेक वैमानिक झाली, तीही हसायची.

मग नवे साहेब आले. त्यांनी फाटक रंगवलं, खुर्च्या आणल्या. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलंय, पावसाचं पाणी आत जाईल, हे मिस्त्रींनी तीनदा सांगितलं. रबर कुणाला दिसत नाही, म्हणून ते बदललं नाही.

चार दिवस पाऊस झोडपून गेला. पाचव्या सकाळी ऊन पडलं. एका आजारी बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. टाकीतून विमान भरलं. लेकीने घाईघाईने मला भरून आकाशाकडे धरलं.

"रेघ नाही. रंग निळा. निघते मी."

इथल्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग देतात. पण मित्रांनो, माझ्यात पेट्रोलचा थेंब नव्हता. गळ्यापर्यंत नुसतं पाणी. रेघ पडायला दोन गोष्टी लागतात. आणि निळं दिसत होतं ते आभाळ. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

"इकडे आण ती," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, पेशंट आत बसलीय. तुम्हाला तर देवाचाही संशय."

"देव पंप चालवत नाही."

साहेब पुढे आले. "मिस्त्री, टाकी कालच तपासलीय."

"कुणी?"

साहेब घड्याळ बघू लागले.

मिस्त्रींनी मला तळहातावर उलटं केलं. पेट्रोल हातावर टिकत नाही, बघता बघता उडून जातं. हे तळव्याच्या रेषांमध्ये तसंच साचून राहिलं. त्यांनी हात लेकीच्या नाकाशी नेला. तिने वास घेतला, पुन्हा घेतला. मग विमानाची किल्ली काढली आणि ती रुग्णवाहिका बोलवायला धावली.

बाई रुग्णवाहिकेने गेली. उशिरा पोचली, पण वाचली.

टाकी उपसायला विमानतळ दहा दिवस बंद राहिला. साहेबांनी वर कळवलं, 'अतिवृष्टीमुळे.' लोक म्हणाले, म्हाताऱ्याच्या किरकिरीने कामं अडली. रबराबद्दल एकाने विचारलं असेल तर शपथ.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. फुटले तर दुसरी आणा, काच स्वस्त असते. पण तुमच्या घरात, कामावर असा एखादा किरकिऱ्या म्हातारा असेल, तर त्याला हसण्याआधी तो काय दाखवतोय ते एकदा वाकून बघा. आणि ज्यात काहीच खोट दिसत नाही, ते आधी तपासा.