डाव्या हाताचा कौल

आमच्या सासऱ्यांच्या डाव्या हातात देवी आली, ही बातमी विंझरात पसरवली शेजारच्या धोंडाबाईने. खरं तर त्या हातात डॉक्टर येऊन गेला होता. मामांच्या किडन्या कामातून गेल्या, डायलिसिस लागलं, तेव्हा पुण्यात त्यांच्या कोपराजवळ एक शीर आणि एक धमनी एकमेकींना जोडून दिली. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. तिथं जाड सुया टोचून रक्त मशीनमध्ये न्यायचं, धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. जोड चालू असला की वर नुसतं बोट टेकवलं तरी आत थरथर लागते, चालत्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखी. थरथर थांबली की रस्ता बुजला.

उजव्या हातातला असा जोड आधीच बुजलेला होता. डावाही गेला तर मानेत नळी बसणार, आणि त्या नळीपायी ताप, पू आणि हाल कसे होतात ते मी भोरच्या डायलिसिस सेंटरला शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं. म्हणून डॉक्टरबाईंनी बजावलेलं, या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही, आणि कुणी दाबायचं तर मुळीच नाही. मामांनी मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या मामांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही.

मग धोंडाबाईची शेळी हरवली. ती रडत आमच्या ओट्यावर आली, बसता बसता आधाराला म्हणून मामांचा हात धरला आणि ताडकन उभीच राहिली. आत काहीतरी बोलतंय म्हणाली. संध्याकाळी शेळी आपली आपण घरी आली, शेळ्या येतात तशी. पण शेळीला श्रेय कोण देतो? दुसऱ्या दिवशी गावभर झालं, चिमाजीच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, हातातून देवी कौल देते. जोरात थरथरलं तर उजवा कौल, काम होणार. मंद लागलं तर डावा, नाद सोडा.

झालं, ओट्यावर रांग लागली. बोअर कुठं घ्यावी, म्हैस गाभण आहे का, वरच्या आळीतल्या सोनियाला नसरापूरचं स्थळ करावं का. आमच्या ह्यांनीसुद्धा मी पाठ फिरवल्यावर बापाचा हात धरून वरव्याच्या कंपनीतली नोकरी सोडू का म्हणून विचारून घेतलं. आयटीआय झालेला माणूस!

मी भांडले. माणसांना हाकललं, मामांना स्वयंपाकघरात बसवलं. तर ते मागच्या दाराने ओट्यावर. त्यांचं दुखणं मला कळत होतं, म्हणून राग आणखी यायचा. या माणसाला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं. ग्रामसभेला सतरंज्या अंथरणार चिमाजी, गुंडाळणार चिमाजी, आणि मध्ये चर्चा चालली की चिमाजी चहा आणायला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, देव त्यांना सुखात ठेवो, कधी भाजीसुद्धा विचारून केली नाही. आता बागायतदार माणसं आमच्या पायरीशी चपला काढत होती.

"इचारायला येत्यात गं माणसं," मामा म्हणाले. "न्हाई कसं म्हनू?"

दिवाळी झाली आणि थरथर मंदावली. डॉक्टरबाई म्हणाल्या, शीर आतून आकसतेय. सेंटरला एक नवा दिवा आला होता. त्याचे किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांची ऊब कातडीखाली झिरपते. डायलिसिस चालू असताना तो पाऊण तास हाताच्या वर टांगून ठेवायचा. शिरा सैल होतात, रक्त मोकळं वाहतं. खात्री देत नाही, पण मदत होते, असं बाईंनी सरळ सांगितलं. आणि घरी अक्कल लढवून शेकोटी, गरम पाण्याची पिशवी असलं काही करायचं नाही, भाजेल. मशीन बघणाऱ्या माधुरीताईंनी विचारलं, हात कोणी दाबतं का? मामा म्हणाले, छे, कोण दाबतंय. मी सगळं सांगून टाकलं. माधुरीताई आधी खो खो हसल्या, मग त्यांचं हसू एकदम थांबलं.

वैताग असा की दिवा लागू पडला. भोरहून आलो की संध्याकाळी थरथर खणखणीत, दुसऱ्या सकाळी जरा खाली. धोंडाबाईने त्याचं पंचांगच मांडलं. ज्यांना होकार हवा ते संध्याकाळी येऊ लागले, ज्यांना दुसऱ्याचं काम मोडायचं ते सकाळी. सोनियाला नसरापूरचा मुलगा पसंत नव्हता. ती आईला घेऊन बरोब्बर सकाळी आली. पोरगी हुशार. भक्तांच्या सोयीने उत्तर देणारी इतकी गुणी देवी आपल्या मुलखात दुसरी नसेल.

गेनबाला मात्र एवढा पोच नव्हता. त्याला भावाच्या वाटणीतला बांध सरकवायचा होता आणि तो सकाळी आला. कौल डावा लागला. देवी झोपलीय म्हणून त्याने तिला जागं करायला अंगठा रोवला. मी गोठ्यात होते. मामांना दुखत होतं, पण विचारायला आलेल्या माणसाच्या हातातून हात कसा सोडवायचा म्हणून ते गप्प बसले. मी बाहेर आले तर जोडावर गेनबाच्या अंगठ्याचा वळ. बोट टेकवलं, काही लागेना. कान लावला, तेव्हा कुठं आत लांबवर बारीकसं काहीतरी.

मी मामांना तसंच उठवलं. मी गाडी शिकत होते तेव्हा हा माणूस कुत्री आडवी येऊ नयेत म्हणून काठी घेऊन माझ्या पुढे पळायचा. मला माझ्या बापानेही एवढं जपलं नाही. त्याला त्याच गाडीवर मागे बसवून मी भोरला नेलं, आणि रस्ताभर गेनबाला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

सोनोग्राफीत रक्ताची धार सुतासारखी दिसली. त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. तिथं शिरेत बारीक फुगा घालून वाट रुंद केली. वेळेत आलात, पुढच्या वेळी जमेलच असं नाही, दिवा चालू ठेवा आणि हाताला कोणाला शिवू देऊ नका, असं सांगून घरी सोडलं.

परतलो तर ओटा भरलेला. गेनबा नारळ घेऊन बसलेला. मी वाटभर शिव्या जुळवत आले होते, पण आमचा गाव शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी हसत परत येतो. म्हणून मी मामांना मधोमध बसवलं आणि पदर खोचला.

"आज म्या कौल लावनार," मी म्हणाले. "देवी, लोकांनी हाताला हात लावावा का न्हाई?"

बोट टेकवलं. आत नुसता धडधडाट चालला होता, इतका जोराचा की विंझराने इतका उजवा कौल कधी ऐकला नसेल. देवी म्हणत होती, या, सगळे या.

"डावा," मी म्हणाले.

धोंडाबाईने डोळे बारीक केले. खात्री करायला तिचा हात पुढे आलाही. मी म्हटलं, डावा कौल लागलाय, मोडणार असशील तर लाव हात. तिने हात मागे घेतला. आता सगळं मामांवर होतं. हात त्यांचा, थरथर त्यांना आतून कळत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चपला काढून बसलेल्या माणसांकडे. मग मान डोलावली.

"डावाच हाय," ते म्हणाले.

माणसं उठली. गेनबा नारळही परत घेऊन गेला.

त्यानंतर ओट्याकडे कोणी फिरकेना. भोरच्या फेऱ्या चालू होत्या, दिवा चालू होता, हात उत्तम होता. मामा मात्र रस्त्याकडे तोंड करून नुसते बसून राहायचे. कोणी समोरून गेलं की सावरून बसायचे, आणि ते माणूस पुढे निघून जायचं. मला बघवेना. एका सकाळी धुणं तसंच टाकून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"मामा, वरच्या तुकड्यात औंदा काय लावायचं?"

त्यांनी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"हाताला न्हाई," मी म्हणाले. "तुमाला इचारतीय."

बाही तशीच राहिली. बराच वेळ ते वरच्या तुकड्याच्या दिशेने बघत होते.

"लसूण," ते म्हणाले.

त्या मुरमात लसूण धरत नाही, हे विंझरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी लावला.